पुंजाजी मास्तरांचा वर्तमानकाळ

पुंजाजी मास्तरांविषयी लिहावे अशी विनंती मला कोणी केलेली नाही. उलट, गेल्या वर्षी तालुक्यातील दिवंगत शिक्षकांच्या स्मरणार्थ जे पुस्तक छापले गेले, त्याच्या संपादकांकडे मी चार पाने आपण होऊन पाठवली होती. ती जागेअभावी परत आली. त्याच पुस्तकात एका हेडमास्तरांच्या पगडीचे वर्णन दीड पान भरून केलेले आहे. पगडीला जागा मिळते. ज्याने आयुष्यात एकच मोठे काम केले आणि ते काम कोणालाही नको होते, अशा माणसाला मिळत नाही. तेव्हा ती चार पाने मी वाढवून पुन्हा लिहितो आहे. वाचणाऱ्याने वाचावीत. न वाचणाऱ्यांची मला सवय आहे.

आमचे गाव मेडशीपासून दोन कोसांवर. शाळा चार इयत्तांची, मास्तर दोन. पुंजाजी मास्तर मुख्य आणि मी दुय्यम. ते कुणबी घरातले, मराठी फायनलपर्यंत शिकलेले, वयाने तेव्हा पंचेचाळीसच्या घरात. मी मॅट्रिक झालेला, म्हणजे शिक्षणाने त्यांच्याहून थोर आणि पगाराने त्यांच्याहून लहान. ही गोष्ट मला त्या काळी रोज टोचत असे. शाळेच्याच खोलीत टपालाचे कामही चाले. आठवड्यातून दोनदा मेडशीचा इस्माईल पाठीवर थैला घेऊन येई, आणि थैला उघडून पत्रे वाटण्याचे काम मास्तर करीत.

मास्तरांची एक खोड सांगितल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. त्यांना एकट्याने पाठांतर करता येत नसे. पंचवीस वर्षे पोरांकडून पाढे घोकून घेतल्यामुळे त्यांच्या स्मरणशक्तीला अशी सवय जडली होती, की आपण एक ओळ म्हणावी आणि चाळीस गळ्यांनी ती परत ओरडावी, तेव्हाच ती ओळ त्यांच्या डोक्यात बसे. सरकारी परिपत्रकसुद्धा ते चौथीच्या वर्गाकडून म्हणवून घेत. "पोरायच्या तोंडातून आलं का मंग माह्या डोक्यात जाते," असे ते हसत सांगत.

सन १९२६ च्या मार्गशीर्षात मास्तर अकोल्याला शिक्षकांच्या सभेला गेले होते. थैला मी उघडला. त्यात एक परदेशी लिफाफा होता आणि त्याचा वरचा उजवा कोपरा नव्हता. तिकिटे जमवण्याचा नाद असलेल्या कोणा शहाण्याने वाटेत कुठेतरी कात्री लावून, आतल्या कागदासकट, तिकिटाचा तुकडा साफ कापून घेतला होता. कोणी कापला हे कधीच सिद्ध झाले नाही. मी तीन अर्ज केले. तिन्हींची पोच मिळाली, उत्तर एकाचेही नाही.

कोपरा गेलेल्या पत्राचा आपल्याकडे काय अर्थ होतो, हे सांगायला नको. दुखवट्याचे पत्र असेच कोपरा फाडून पाठवतात. ते घरात नेत नाहीत, उंबऱ्याबाहेर वाचून फाडून टाकतात. इस्माईलने ते पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"गुर्जी, चिठ्ठी चांगली नाई दिसत. कोनाची हाय?"

पत्ता इंग्रजी लिपीत होता. नाव जगदेवच्या आईचे. जगदेव सन १९१६ साली खेचरांच्या पलटणीत हाक्या म्हणून भरती होऊन गेला होता. एकोणीस साली बसऱ्याहून त्याचे शेवटचे पत्र आले, त्यानंतर सात वर्षे काही नाही. आई मधल्या काळात वारली. घरात राहिले धाकटा भाऊ रामकिसन, त्याची दोन लेकरे, आणि जगदेवची बायको तुळसाबाई. रामकिसनची बायको पत्र आले त्याच वर्षी बाळंतपणात गेली होती.

पत्र मी मारुतीच्या पारावर नेले, कारण कोपरा नसलेले पत्र घरात नेण्याचे धैर्य मला झाले नाही. गाव जमले. मी कागद उघडला. अक्षरे इंग्रजी, पण भाषा इंग्रजी नाही. तळाशी एक निळा अंगठा. मी म्हणालो, "मला हे समजत नाही." पण हे म्हणताना माझी मान खाली होती, आणि गावाने मानेचा अर्थ घेतला, वाक्याचा नाही. तासाभरात तुळसाबाईच्या बांगड्या फुटल्या. कपाळ पुसले गेले. पत्राचे चार तुकडे करून नाल्याच्या कोरड्या पात्रात टाकण्यात आले. प्रेत नाही म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळला. दहाव्याला पिंड ठेवला, आणि तो ठेवतो न ठेवतो तोच कावळा शिवला. जगदेवची काही इच्छा राहिली नव्हती, असे सगळ्यांनी समाधानाने म्हटले. तेराव्याला सारे गाव जेवले. मीही जेवलो.

मास्तर सभेहून परतले ते पत्र आल्यापासून तिसऱ्या दिवशीच, दहाव्याच्या आधी; पण तोवर सगळे ठरून गेले होते. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"पत्रात काय होतं?"

"ते कोणालाच वाचता आले नाही."

"मंग जगदेव मेला हे कोनी वाचलं?"

पत्राचे तुकडे कोठे टाकले तेवढे मी त्यांना सांगितले. ते तसेच नाल्यात उतरले, चारही तुकडे शोधून आणले आणि ज्वारीच्या खळीने एका जुन्या हजेरीपटाच्या पुठ्ठ्यावर चिकटवले. कोपऱ्याची जागा रिकामी राहिली. त्या कोपऱ्यातच गावाचे नाव आणि तारीख असावी. बाहेर तिकीट गेले, आत ठिकाण गेले. लिफाफ्याच्या पाठीमागे मुंबईचा शिक्का तेवढा स्पष्ट होता, त्यावरून पत्र ताजे आहे इतके कळले.

मास्तरांनी पत्राच्या दोन ओळी उतरवून नागपूरच्या एका प्राध्यापकांना पाठवल्या. त्यांनी सौजन्याने कळवले, की भाषा स्पॅनिश आहे, ती आपणास येत नाही, आणि ती स्पेनखेरीज समुद्रापलीकडच्या अठरा-वीस देशांत बोलतात. मुंबईच्या दोन कचेऱ्यांना लिहिले. एकीने मूळ पत्र मागितले. ते हातचे सोडायला मास्तर तयार नव्हते. दुसरीने उत्तर दिले नाही. शेवटी त्यांनी मुंबईहून पुस्तक मागवले: इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारे, भाग पहिला. दुसरा भाग दुकानदाराकडे शिल्लक नव्हता.

तोवर घरात ठरले होते, की वर्षश्राद्ध झाले म्हणजे तुळसाबाईचा रामकिसनशी पाट लावायचा. पाट म्हणजे विधवेचा दुसरा संबंध. धाकट्या दिराशी तो आमच्याकडे रीतीला धरून आहे. रामकिसन वाईट माणूस नव्हता. त्याला दोन आईवेगळी लेकरे होती आणि घरात तयार बाईमाणूस होते. त्याचा हिशेब सरळ होता. फक्त तुळसाबाईला तो मान्य नव्हता. ती एका सकाळी शाळेच्या विहिरीवर घागर ठेवून मास्तरांसमोर उभी राहिली.

"मास्तर, तुमी ते कागद जोडले म्हने."

"जोडले."

"मले एवढंच सांगा, तो हाय का नाई. नाई म्हनलं त पाट लावतो. हाय म्हनलं त नाई लावत. पन मानसानं सांगलं पायजे. कापलेल्या कागदावून मी कोनाच्या घरात जाऊ?"

"वर्षाच्या आत सांगतो," मास्तर म्हणाले. पुस्तक अजून मुंबईहून निघालेही नव्हते.

ते पौषात आले. मास्तरांचे इंग्रजी चौथीपुरते, तेव्हा इंग्रजी मी सांगायचे आणि स्पॅनिश त्यांनी शिकायचे, असा आमचा उलटा कारभार सुरू झाला. पहिला भाग सारा वर्तमानकाळाचा होता. मला त्याची घाई नव्हती. मी ते कोडे म्हणून पाहत होतो. मास्तर मात्र असे बसत, जणू पानापानामागे कोणीतरी दार ठोठावत आहे.

त्या भाषेतली क्रियापदे तीन कुळांची. मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात त्यांची गावच्या भाषेत वाटणी केली. शेवटी 'आर' ते थोरल्या वाड्यातले, 'एर' ते मधल्या वाड्यातले, 'इर' ते धाकट्या वाड्यातले. धाकट्यांची चाल बरीचशी मधल्यांसारखी, थोरल्यांची निराळी. कर्ता वेगळा सांगण्याची गरज नाही. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते, सगळे शेपटात.

"हे बेस हाय," मास्तर खूश होऊन म्हणाले. "शेपूट पायलं का ढोर कोनाचं ते समजते."

"पण तो आणि ती यांत फरक नाही," मी पुस्तक पाहून सांगितले. "आपण जातो, जाते म्हणतो. इथे दोघांना एकच."

"मंग त्यायच्याकडं बाया-मानसं एकच काम करत असतीन."

एकट्याने पाठ होत नसल्यामुळे ही रूपे चौथीच्या वर्गाकडे गेली. मास्तर फळ्यापाशी छडी घेऊन उभे राहत आणि म्हणत, "विवो, विवेस, विवे!" वर्ग ओरडे, "विवो, विवेस, विवे!" मी जगतो, तू जगतोस, तो जगतो. "विविमोस, विविस, विवेन!" आम्ही, तुम्ही, ते. मग बोलण्याचे क्रियापद येई, "आब्लो, आब्लास, आब्ला", आणि मग खाण्याचे, "कोमो, कोमेस, कोमे". एका महिन्यात ढोरांमागे जाणारी पोरे तुरीच्या ओळींमधून हेच ओरडत जाऊ लागली. बाया त्याला मास्तरचे मंतर म्हणत. कोणी विचारी, "काय वो मास्तर, इंचवाचं हाय का सापाचं?" मास्तर म्हणत, "सापाचंच. मेलेला उठून बसते."

नियमाने चालणारी क्रियापदे होळीपर्यंत आटोपली. नियम मोडणाऱ्यांनी वैशाख खाल्ला. ज्या क्रियापदांची माणसाला सर्वांत जास्त गरज, असणे, जाणे, करणे, येणे, नेमकी तीच वाकडी. मी वैतागून म्हणालो, की ही भाषा शिस्तीची नाही. मास्तर म्हणाले, "रोज वापरलेलं औत झिजतेच, गुर्जी. कोरं ठेवलेलं तेवढं सरळ रायते." हे वाक्य मी नंतर एका निबंधात वापरले आणि त्यावर बक्षीस घेतले. त्यांचे नाव घातले नाही.

पत्राची एकेक ओळ अशी हळूहळू उघडत गेली. जिथे वर्तमानकाळ होता तिथे कागद बोलू लागला; इतर ओळींतल्या क्रियापदांची शेपटे आमच्या ओळखीची नव्हती, त्या पहिल्या भागाबाहेरच्या. ज्येष्ठात पहिले वाक्य पक्के झाले. 'जगदेव विवे.' जगदेव जगतो. त्याच वाक्यात पुढे 'इथे आमच्यासोबत' असे होते.

तुळसाबाई विहिरीवर होती. मास्तरांनी तिला लगेच सांगू नये, असे मी त्यांना म्हणालो होतो. सगळे वाचून मग सांगावे. त्यांनी ऐकले नाही; जाऊन तिला ते वाक्य सांगितले.

तिने घागर खाली ठेवली. मग तिने असा प्रश्न विचारला, की जो आम्हा दोघा शिकलेल्यांना पाच महिन्यांत सुचला नव्हता.

"जगते म्हंजे, जगून राह्यला? आत्ता? का असाच आपला, जसं म्हनते का ढोर गवत खाते?"

मी पुस्तक उघडले. त्यात लिहिले होते, की स्पॅनिशमध्ये हा साधा वर्तमानकाळ दोन्हींसाठी चालतो. नेहमीचे सांगायलाही तोच आणि चालू असलेले सांगायलाही तोच.

"दोनीले एकच हाय," मास्तरांनी तिला सांगितले.

"मंग आत्ता बी धरायचं?"

"मी त धरतो."

ती घागर न भरताच गेली.

श्रावणात तपासनीस आले. ते शाळेच्या आवारात शिरले तेव्हा चौथीचा वर्ग खिडक्या हलतील अशा आवाजात थोरल्या वाड्याची क्रियापदे म्हणत होता. साहेब दारात थांबले.

"हे कसले पाढे?"

"हे स्पॅनिश हाय, साहेब," मास्तर म्हणाले.

"अभ्यासक्रमात आहे?"

"नाई."

"मग कोणाच्या हुकुमावरून?"

मास्तरांनी पुठ्ठ्यावरचे पत्र काढून दाखवले आणि सगळी हकिकत सांगितली. साहेब सज्जन होते. त्यांनी ऐकून घेतले. मग मला विचारले, की हे रोज किती वेळ चालते. मी खरे ते सांगितले: अर्धा तास. अर्धा तास लिहून घेतला गेला. पोरांना सोळाचा पाढा विचारला गेला आणि तो आला नाही, तेही लिहून घेतले गेले. दिवाळीनंतर मास्तरांची बदली पोहरादेवीच्या बाजूला झाली आणि मला मुख्य मास्तर करण्यात आले. वर्षश्राद्धापर्यंत थांबू द्यावे असा अर्ज त्यांनी केला. तेवढी मुदत मिळाली. सरकारने या प्रकरणात केलेली चांगली गोष्ट एवढीच.

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी रामकिसनच्या अंगणात पंच बसले. पाटाची तयारी झालेली होती. पाट, नारळ, हळदी-कुंकवाचे तबक ओसरीवर मांडलेले होते. तुळसाबाई आतल्या दाराच्या चौकटीशी बसली होती. पाटलांनी विचारले, "मास्तर, तुमचं काय हाय ते सांगून टाका. जेवनं व्हायची हायेत."

मास्तर उभे राहिले. वर्गात राहत तसेच, ताठ. त्यांनी आधी स्पॅनिश वाचले, मग मराठी. जगदेव इथे आमच्यासोबत जगतो. खेचरांचे काम करतो. त्याचा एक पाय दुखतो. नीट खातो. कमी बोलतो. त्याला लिहिता येत नाही, म्हणून मी लिहितो. आपल्या आईची आणि बायकोची विचारपूस करतो. पत्राची वाट पाहतो.

 मग जगदेवचा एक चुलता पुढे सरकला.

"हे झाल्या सात-आठ ओळी. कागदावर त लई हायेत. बाकीच्यात काय हाय?"

"त्या मले अजून येत नाईत."

"अस्सं! मंग त्या ओळीयतच मेला असन."

लोक हसले. मास्तर थांबून म्हणाले, "मेलेला मानूस अंगठा देत नाई, काका. खाली पाहा."

"अंगठा काय, कोनाचा बी निळाच उठते," रामकिसन म्हणाला. तो रागाने बोलत नव्हता. तो घाबरलेला होता. "मास्तर, माहा भाऊ जिता असन त मले काय नको हाय का? पन मी त्याच्या नावानं पिंड देला. मी काय जित्या भावाले पिंड देला? सांगा!"

तिथे मला कळले, की प्रकरण कोठे अडकले आहे. जगदेव जिवंत ठरला तर साऱ्या गावाने जिवंत माणसाचा पुतळा जाळला होता आणि त्याच्या तेराव्याचे जेवले होते. त्याचे प्रायश्चित्त कोणी घ्यायचे? किती घरांनी? एका माणसाच्या जगण्याचा दोष दोनशे उंबऱ्यांवर येत होता. जगदेव मेलेला असण्यात सगळ्यांची सोय होती.

पाटलांनी शांतपणे विचारले, "दहाव्याले कावळा शिवला का नाई?"

"शिवला," चारपाच जणांनी सांगितले.

"कितीक वेळानं?"

"ठेवत नाई तोच."

"मंग? कावळा खोटा अन् तुमची मुंबईची पोथी खरी?"

"कावळ्याले भूक लागली होती, पाटील," मास्तर म्हणाले.

या वेळी कोणी हसले नाही. पाटलांनी तंबाखू मळता मळता हात थांबवला. "कावळ्याची भूक समजली. तुमाले कायची भूक लागली होती, मास्तर? वर्षभर पोराय‌चा सोळाचा पाढा बुडवून दुसऱ्याच्या बाईच्या कुंकवाचं कोडं सोडोवता. कायले?"

हा वार अंगणात बसलेल्या प्रत्येकाला समजला.  मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. वर्षभर त्या पुस्तकाची प्रत्येक ओळ मी त्यांना समजावून दिली होती. त्या पत्राचा अर्थ बरोबर आहे हे सांगू शकणारा दुसरा माणूस पंचक्रोशीत नव्हता. मला मुख्य मास्तर केल्याचा हुकूम येऊन पंधरा दिवस झाले होते, आणि शाळेच्या नव्या भिंतीचा अर्ज पाटलांच्या सहीसाठी पडला होता. मी म्हणालो, "भाषा कठीण आहे. छातीठोक सांगता येणार नाही."

तुळसाबाई चौकटीतून उठली.

"मास्तर, पयलं वाक्य पुन्हा वाचा."

"जगदेव विवे," मास्तरांनी वाचले.

ती ओसरीवर आली, तबकातल्या कुंकवात बोट बुडवले आणि आपल्या कपाळाला लावले. ते वाकडे लागले. बायका ओरडल्या. "पाट नाई लावत," ती म्हणाली. "माहा नवरा हाय."

"हाय त जाय त्याच्यापाशी!" रामकिसन ओरडला, आणि लगेच त्याचे त्यालाच वाईट वाटलेले दिसले, पण शब्द बाहेर पडला होता आणि पंचांनी तो उचलला. विधवा म्हणून राहिली तर घराने पोसावे; पाट लावला तर घर तिचेच; नवरा जिता म्हणते तर तिने नवऱ्याच्या घरी जावे. त्याचे घर कोठे आहे हे कोणालाही ठाऊक नव्हते. अठरा-वीस देशांपैकी एकात.

ती त्याच संध्याकाळी मेडशीला गेली. इस्माईलने आपल्या घरामागची कुडाची खोली तिला दिली. तो कापलेला लिफाफा आपल्याच थैल्यातून आला, हे त्याच्या मनातून कधी गेले नाही. त्याची बायको सुगराबी तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ होती. ती आधी म्हणाली, "बाई, मेरे घर में जगा कां है?" आणि म्हणता म्हणता खाट बाहेर काढून जागा करून दिली. तुळसाबाई पुढे सतरा वर्षे तिथे राहिली. कापूस वेचला, निंदण केले, सरकी निवडली. कपाळावरचे कुंकू एक दिवसही चुकवले नाही. हळदी-कुंकवाला तिला कोणी बोलावले नाही.

मास्तर बदलीच्या गावी गेले. तिथून ते दोनदा चालत मेडशीला आले आणि एकदा माझ्याकडे. माझ्याकडे आले तेव्हा मी भांडणाची तयारी करून बसलो होतो. त्यांनी फक्त विचारले, की पुस्तकाचा दुसरा भाग मुंबईला आला असल्यास इंग्रजी पत्र लिहून मागवाल का. मी लिहितो म्हणालो. लिहिले नाही. त्या पत्राच्या उरलेल्या ओळी आजही कोणी वाचलेल्या नाहीत. मास्तर सन १९३३ मध्ये विषमज्वराने गेले. त्यांच्या सामानात तो पुठ्ठा सापडला नाही. घरच्यांनी चूल पेटवताना वापरला असावा. त्यांना दोष देता येत नाही, कोपरा नसलेले पत्र घरात कोण ठेवील?

तुळसाबाई सन १९४५ च्या माघात वारली. मेडशीच्या बायका अंघोळ घालायला जमल्या आणि तिथे वाद निघाला. सवाष्ण म्हणून हिरवे लुगडे नेसवावे की विधवा म्हणून पांढरे? आमच्या गावाहून रामकिसन आला होता, म्हातारा झालेला. तो म्हणाला, "तुमी ठरवा, मी काई बोलत नाई." कोणीतरी सुचवले, की त्या पत्राचे गुर्जींना ठाऊक आहे. माणूस पाठवून मला बोलावून घेतले.

मी गेलो तेव्हा तिचे प्रेत अंगणात पाटावर बसवलेले होते. कुंकू त्या सकाळचेच असावे, त्याला अजून अंघोळीचे पाणी लागले नव्हते. एका म्हातारीने मला सरळ विचारले, "गुर्जी, तुमी शिकलेले. सांगा, तो हाय का नाई?"

सतरा वर्षांपूर्वी मला ते ठाऊक होते आणि मी बोललो नाही. आता बोलावे तर ठाऊक नव्हते. हो म्हणालो असतो तर कोणी पुरावा मागितला नसता. हिरवे लुगडे सुगराबीने आणूनही ठेवले होते. पण आयुष्यभर मी काटेकोर बोलण्याचा अभिमान बाळगलेला. मी म्हणालो, "मला माहीत नाही."

सुगराबी भिंतीशी उभी होती. ती म्हणाली, "वो मास्टर होते तो बोल देते, 'है'. तुमकू इत्ता पढके भी बोलना नै आया."

म्हातारीने ओल्या फडक्याने कपाळ पुसले. एकदा पुसून गेले नाही, तेव्हा दुसऱ्यांदा पुसले. मग पांढरे नेसवले.